मंजुश्रीबाई एकट्याच माहूरला गेल्या, त्याची हकीकत

लातुरात बाईमाणसानं एकटीनं गाडी घेऊन चार दिवस फिरायला जायचं ठरवलं, तर पहिला प्रश्न ‘कुठं’ असा येत नाही, ‘संगं कोण हाय’ असा येतो. मंजुश्रीबाईंना तो निघण्याआधीच्या आठवड्यात अकरा जणांनी विचारला. चौघांनी विचारलं, कुणाचं काही कमीजास्त झालं काय. दोघींनी काहीच विचारलं नाही. विरजण मागायला म्हणून आल्या आणि घरात डोकावून ईश्वरप्पांचा चेहरा बघून गेल्या. नवराबायकोत भांडण आहे की नाही, याचा निकाल चेहऱ्यावरून लागला नसावा, कारण दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा विरजण मागायला आल्या.

समोरच्या जयाकाकूंनी मात्र थेट पिशवीच आणून दिली. खण, नारळ, हळदकुंकू.

“माहूरला चाललीस म्हणं. माझी ओटी भर देवीची.”

“देवीला न्हाई चालले काकू. घाटात चालले. धुकं बघायला.”

“धुकं,” जयाकाकू म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, “ते तर थंडीत आपल्या गल्लीत बी पडतंय.”

तरी पिशवी त्यांनी परत नेली नाही. धुक्यासाठी कुणी दोनशे-अडीचशे किलोमीटर जातं यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता आणि खरं कारण चार दिवसांत बाहेर पडेल याची त्यांना खात्री होती.

खरं कारण साधं होतं. मंजुश्रीबाईंचं वय बावन्न. ईश्वरप्पांचं गंजगोलाईजवळ भांड्यांचं दुकान. मुलगा अमरेश हैदराबादला नोकरीला गेला तेव्हा आपली छोटी पांढरी गाडी घरी ठेवून गेला. आधी ईश्वरप्पा शिकायला गेले. तिसऱ्या दिवशी विजेच्या खांबाला गाडी लावून ते घरी चालत आले आणि ‘हे आपलं काम न्हाई’ म्हणाले. मग बाई शिकल्या. बाईंचं ते काम निघालं. तेव्हापासून तीन वर्षं त्या गाडी चालवत होत्या : नवऱ्याला दुकानात सोडायला, रेणापूरला लग्नाला, उदगीरला साखरपुड्याला. या तीन वर्षांत शेजारची सीट रिकामी अशी फक्त पेट्रोल पंपापर्यंत जाताना असायची, आणि पंप घरापासून सव्वा किलोमीटरवर होता. त्या सीटवर एरवी ईश्वरप्पा तरी असत, नाहीतर त्यांचं कोणी नात्यातलं, आणि जो बसेल तो सांगायचा : हळू, आता वळव, समोर म्हैस हाय.

बाजूला कोणी नाही, पुढं कुणाच्या दारात वेळेत पोचायचं नाही, अशी गाडी बाईंना एकदा चालवून बघायची होती. एवढंच. नवऱ्याला त्यांनी तेही सांगितलं होतं, की “या खेपेला अर्ध्यातून परत आले तर पुन्हा कधी निघायची न्हाई. मला माझं माहीत हाय.” ईश्वरप्पांनी मान डोलावली होती. मान डोलावणं म्हणजे होकार नव्हे, हे बाईंना तीस वर्षांत कळलेलं होतं, पण नकार नव्हे हेही कळलेलं होतं.

आता डब्यांचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

ईश्वरप्पांचं घर लिंगायत, आणि नेमाचं. गळ्यात प्रत्येकाचं आपलं इष्टलिंग, चांदीच्या लहान डबीत, पांढऱ्या दोऱ्याला बांधलेलं. सकाळी अंघोळ करून ते डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म-बेल वाहून पूजा करायची, मगच तोंडात अन्न. ज्याचं लिंग त्याचंच. दुसऱ्याचं चालत नाही, दिसायला कितीही सारखं असलं तरी. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला अमरेशनं आईवडलांना चांदीच्या नव्या डब्या करून दिल्या होत्या. एकाच सोनाराकडून, एकाच मापाच्या. मुलाला त्यात प्रेम वाटलं. सोनाराला सोय वाटली. आणि या श्रावणात मठाच्या स्वामींनी दोघांचे दोरेही एकाच रिळातून एकाच लांबीचे नवे करून दिले होते.

निघायच्या दिवशी पहाटे साडेचारला दोघांनी शेजारी बसून पूजा केली. दोघांनी आपापलं लिंग आपापल्या डबीत ठेवलं, डब्या देवासमोर ठेवल्या, हात जोडले, आणि लाईट गेली. अंधारात डास. ईश्वरप्पा आधी उठले, डबी उचलून गळ्यात घातली. राहिली ती बाईंनी घातली. पाच वाजता गाडी गल्लीतून बाहेर पडली.

चाकूर, अहमदपूर. श्रावणातली सकाळ, दोन्ही बाजूंना सोयाबीन गुडघ्याएवढं आणि पाऊस येतो-जातो असा. माळाकोळीहून बाई लिंबोटीच्या धरणाकडे वळल्या. पाण्यावर वाफेसारखं काहीतरी बसलेलं, पलीकडचा काठ नाहीच. भिंतीजवळ गाडी लावून त्या पाऊण तास उभ्या राहिल्या. पाऊण तास मोठा असतो. एरवी दहाव्या मिनिटाला कुणीतरी ‘चला, पुढं लई जायचंय’ म्हणतंच. कुणी म्हणालं नाही, तेव्हा बाईंना जरा चुकल्यासारखंही झालं.

ती उणीव फोननं भरून काढली. पहिल्या दिवशी ईश्वरप्पांचे नऊ फोन आले. गॅसचं बटण कुठल्या बाजूला बंद होतंय. कपाटाची किल्ली. कंधारचा तलाव आला का. नांदेडला नीलाकडं जेवून जा की. नीला म्हणजे नीलाबाई, ईश्वरप्पांची थोरली बहीण. तिच्याकडं जेवायला गेलेला माणूस मुक्कामालाच राहतो, हे सगळ्या नात्यागोत्यात माहीत होतं. बाई नांदेडातून न थांबता बाहेर पडल्या. फोन आला की मात्र त्या गाडी कडेला घेत. शिकवणाऱ्या मास्तरांनी तसं बजावलं होतं. म्हणजे दिवसभरात गाडी तेरा ठिकाणी थांबली, त्यातली चार ठिकाणं बाईंच्या पसंतीची, नऊ ईश्वरप्पांच्या.

संध्याकाळी हिमायतनगरला त्या एका लॉजवर उतरल्या. मॅनेजरचं नाव रविकिरण, तिशीतला, नम्र माणूस.

“संगं कोण हाय मॅडम?”

“कोणी न्हाई.”

“मागून यायलेत?”

“न्हाई.”

“डायव्हरची खोली खाली हाय. त्याचं नाव सांगा.”

“डायव्हरचं नाव मंजुश्री.”

रविकिरणनं रजिस्टरात ‘सोबतच्या व्यक्ती’ या रकान्यात एक आडवी रेघ मारली, त्या रेघेकडे बघितलं आणि तिच्या शेवटी बारीक प्रश्नचिन्ह काढलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला अंघोळ करून, खोलीत टॉवेल अंथरून बाई पूजेला बसल्या. डबी उघडली, लिंग तळहातावर घेतलं आणि तळहातालाच आधी कळलं. आपलं लिंग बाई चाळीस वर्षं हातावर घेत होत्या. हे जड होतं. वरचा काळा लेप गुळगुळीत, नवा. ईश्वरप्पांच्या लिंगाचा लेप दोनच वर्षांपूर्वी करून आणलेला होता. बाईंनी ते पुन्हा डबीत ठेवलं, डबी उशाला ठेवली, आणि फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. तिसऱ्यांदा लावायच्या आत तिकडून आला.

“अगं,” ईश्वरप्पा म्हणाले, “माझ्याजवळ तुझं आलंय.”

“तुमचं इथं हाय.”

“कसं काय झालं हे?”

“तुम्ही आधी उठलाव. आधी डबी तुम्ही घेतली.”

“अंधार होता.”

“मग मी काय म्हणायले? अंधार नव्हता असं म्हणायले का?”

दुसऱ्या कुणाच्या घरात हे झालं असतं तर निम्मं हसून निभलं असतं. पण ईश्वरप्पा मठाच्या कमिटीवर पंच होते. गेल्या श्रावणात त्यांचा पुतण्या वीरण्णा सोलापूरच्या हॉटेलात न्हाणीघरातल्या खुंटीवर आपलं लिंग विसरून आला, तेव्हा ईश्वरप्पांनी मठात माईक हातात घेऊन त्याचं नाव न घेता, पण त्याच्याकडं बघत, वीस मिनिटं भाषण केलं होतं. ज्याला गळ्यातलं सांभाळता येत न्हाई त्यानं घर काय सांभाळायचं, हे वाक्य तेव्हा टाळ्या घेऊन गेलं. वीरण्णाचं दुकान ईश्वरप्पांच्या दुकानाला लागूनच आहे.

म्हणून त्यांनी स्वामींना फोन केला तो दुसऱ्या कुणासाठी म्हणून केला.

“एका भक्ताचं असं असं झालंय.”

“कोणत्या?”

“तुमच्या ओळखीचा न्हाई.”

“मग त्याला सांगा, ज्याचं त्याला हातोहात पोचवा. पार्सल करू नका. तोवर अन्न नको.”

“आणि चहा?”

“भक्त चहा लई पितो काय?”

“पितो.”

“त्याला म्हणावं, ईश्वरप्पा, चहाचं तुमचं तुम्ही बघा.” आणि स्वामींनी फोन ठेवला.

बायकोला फोन करून त्यांनी निकाल सांगितला. अर्थात चहाचा भाग वगळून.

“तवा तू परत ये. दुपारपर्यंत पोचशील.”

“मी परत येत न्हाई. तुम्ही या.”

“गाडी तुझ्याजवळ हाय.”

“यष्टी तुमच्याजवळ हाय.”

ईश्वरप्पांनी आयुष्यभर गिऱ्हाइकाशी घासाघीस केली होती, पण उपाशीपोटी कधी केली नव्हती. दहा मिनिटांत ते नांदेडपर्यंत यायला तयार झाले. बाई नांदेड म्हणेनात. नांदेडात नीलाबाई होत्या. एकदा त्यांच्या ओट्यावर पाय ठेवला की जेवण, मग झोप, मग ‘आता कुठं जाती एकटी’. शेवटी मुदखेड ठरलं. मुदखेडला दोघांच्याही नात्यातलं कुणी राहत नव्हतं, ही त्या गावाची मोठीच सोय होती. स्टेशनाबाहेर, दुपारी बारा वाजता.

बाईंच्या हातात सहा तास आले. लॉजवर बसून उपास मोजण्यापेक्षा त्या सहस्रकुंडाला गेल्या. इस्लापूरच्या पुढं धबधब्याचा आवाज आधी येतो, पाणी मागून. पैनगंगा गढूळ, भरलेली, काळ्या खडकावरून खाली पडून पुन्हा वर उडत होती, आणि त्या तुषारांत पलीकडं यवतमाळ जिल्हा आहे की नाही ते कळत नव्हतं. एकजण कणसं भाजत होता. बाई वाऱ्याची दिशा बघून त्याच्यापासून लांब उभ्या राहिल्या. पाणी मात्र त्या प्यायल्या; पाण्याचं स्वामींना मागाहून विचारू, असं ठरवून. पोट रिकामं असलं की मोठा आवाज कानाऐवजी पोटात ऐकू येतो, हे त्यांना तिथं नव्यानं कळलं. तासभर त्या तिथं होत्या. फोन आला नाही; ईश्वरप्पा यष्टीत होते आणि यष्टीत त्यांना झोप लागते.

बाराच्या सुमाराला नांदेडकडून आलेल्या गाडीतून ईश्वरप्पा मुदखेडला उतरले. हातात मोठी पिशवी. बाई लिंबाखाली गाडी लावून उभ्या होत्या. त्यांनी आधी नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं, मग शर्टाकडं.

“चहा घेतलाव?”

“अहमदपूरला. अर्धा.”

“आणि लोह्याला?”

“लोह्याला भजं न्हाई खाल्लं.”

“भज्याचं मी विचारलं न्हाई.”

ईश्वरप्पांनी शर्टावरचा बेसनाचा कण झटकला आणि नळ कुठं आहे ते विचारलं.

स्टेशनाबाहेरच्या नळावर दोघांनी हातपाय धुतले. पूजा करायची कुठं, हा प्रश्न होता. फलाटावर माणसं, बाहेर पाऊस भुरभुरतोय. शेवटी गाडीतच बसले. बाई स्टिअरिंगमागं, ईश्वरप्पा शेजारी, काचा वर. डब्या बदलल्या. ईश्वरप्पांनी घरून बेलाची पानं आणली होती, भस्म बाईंच्या पर्समध्ये होतं. दोघांनी डावा तळहात समोर धरला आणि त्याच्याकडं बघत बसले. टपावर पावसाचा बारीक आवाज. काचा आतून पांढऱ्या झाल्या. पंधरा-वीस मिनिटं कोणी काही बोललं नाही, आणि लग्न झाल्यापासून त्या दोघांनी शेजारी बसून जे काही केलं त्यात ही वीस मिनिटं चांगल्या बाजूला लिहावी लागतील.

मग बाईंनी दशम्या काढल्या. शेंगाचटणी, कांदा. ईश्वरप्पांनी भजी खाऊनही चार दशम्या खाल्ल्या. हात पुसताना बाईंची नजर पिशवीवर गेली.

“त्यात काय हाय?”

“काही न्हाई. स्वेटर.”

“मुदखेडला?”

ईश्वरप्पांनी काचेवर बोटानं एक रेघ ओढली. बाहेरचा लिंब दिसला.

“मी गल्लीत सांगून आलोय.”

“काय?”

“की मी बी माहूरला चाललो. तुझ्या मागनं यायचं ठरलंच होतं म्हणलं. दुकानाला कुलूप लावलं तर वीरण्णा विचारणारच की. काय सांगायचं होतं मी त्याला? लिंग बदलून गेलं म्हणून सांगू?”

म्हणजे आज संध्याकाळी ईश्वरप्पा घरी दिसले तर गल्ली विचारणार होती, आणि दिसले नाहीत तर बाई एकट्या राहणार नव्हत्या. एकाच्या तोंडाची लाज आणि दुसरीचे तीन दिवस, दोन्ही एका गाडीत मावत नव्हते.

ईश्वरप्पांनी भाव सांगितला. “मी मागं बसतो. एक शब्द बोलत न्हाई. तू समज मी न्हाईच.”

बाईंनी विचार केला. “भोकरपर्यंत बघू. पुढंच बसा. मागं बसलाव तर लोक मला तुमची डायव्हर समजतील.”

मुदखेड ते भोकर. ईश्वरप्पांनी शब्द पाळला. तो पाळला नाही असं कुणालाही म्हणता येणार नाही. त्यांनी तोंड उघडलं नाही. पण समोरून ट्रक आला की त्यांचा उजवा पाय खालच्या पायपुसणीवर दाबला जाई. वळण आलं की हात दारावरच्या मुठीला जाई. म्हैस अजून शेतातच असताना त्यांनी नाकानं श्वास ओढला. बाईंनी ओव्हरटेक केलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि झाल्यावर, ‘झालं का’ असं न विचारता, उघडले. भोकर येईपर्यंत तो उजवा पाय एकवीस वेळा दाबला गेला. बाईंनी मोजला होता. त्यांना रस्त्याकडं बघायचं होतं आणि त्या पायाकडं बघत होत्या.

भोकरच्या बसस्टँडसमोर त्यांनी गाडी थांबवली.

“बघ,” ईश्वरप्पा म्हणाले, “बोललो का?”

“न्हाई बोललाव.”

“मग?”

“तुम्ही ब्रेक दाबायलाव.”

“कुठला ब्रेक? माझ्याकडं ब्रेक हायच कुठं?”

“तेच म्हणायले मी.”

ईश्वरप्पांनी आपल्या पायाकडं बघितलं. पाय अजून तिथंच होता. ते काही वेळ गप्प बसले आणि हे गप्प बसणं मघाच्या गप्प बसण्यापेक्षा वेगळं होतं, कारण त्यात पाय हलला नाही.

“आज घरी गेलो तर जयाकाकू दारातच बसलेली असती,” ते शेवटी म्हणाले. तक्रार म्हणून नाही, हिशेबात एवढी बाब धरा, अशा आवाजात.

“घरी जाऊ नका. इथून नांदेडची गाडी धरा. नीलाआक्काकडं दोन रात्री राहा. परवा येताना मी तुम्हाला घेते. लातुरात दोघं एकदमच उतरू.”

ईश्वरप्पा व्यापारी माणूस. एवढा सरळ सौदा समोर आला की ते तो उलटा करून तळ बघत.

“मग सगळे म्हणतील, दोघं गेलते.”

“म्हणू द्या.”

“तू मागनं कुणाला सांगायची न्हाईस? की मी एकटी गेलते म्हणून?”

इथं मात्र बाईंनी इंजिन बंद केलं. आठवडाभर अकरा जणांना त्यांनी ‘एकटी’ हा शब्द सांगितला होता आणि अकराही वेळा तो सांगताना त्यांना बरं वाटलं होतं. तो आता परत घ्यायचा, आणि त्याच्या बदल्यात घाट. बसस्टँडवर नांदेडची गाडी लागली. कंडक्टर ओरडू लागला.

“मला जायचंय,” बाई म्हणाल्या. “सांगायचं काम तुम्ही करा.”

ईश्वरप्पांनी पिशवी उचलली. दार लावताना त्यांनी स्वेटर काढून सीटवर ठेवला. “थंडी असती म्हणं,” एवढं म्हणून ते गाडीकडं पळाले. बाईंनी पुढच्या वळणावर थांबून स्वेटर मागच्या सीटवर टाकला आणि निघाल्या.

हिमायतनगर, इस्लापूर, किनवट. किनवटच्या पुढं सागाचं जंगल लागतं आणि रस्ता चढायला लागतो. त्या रात्री त्या माहूरला राहिल्या. पहाटे पूजा झाली, आपल्या लिंगाची, आणि सहा वाजता त्या घाटात होत्या. खिडकीतून बघितलं तेव्हा गाव होतं. दोन वळणांनंतर काहीच नव्हतं. दरी, झाडं, रस्त्याची कड, सगळं पांढऱ्यात गेलं. दिवे लावून, वळणावर हॉर्न देत, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर त्या चालल्या. मग जरा सपाट जागा दिसली तिथं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि काच खाली केली. गाडीचं पुढचं टोक दिसत नव्हतं. कुठंतरी पाणी पडत होतं. फोनला रेंज नव्हती. त्यांनी तो उलटा करून ठेवला.

किती वेळ गेला ते लिहून ठेवायला तिथं कोणी नव्हतं. धुक्यातून एक बाई निघाली, डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ, काखेत विळा. गाडीजवळ येऊन तिनं आत बघितलं. रिकाम्या सीटकडं, मग बाईंकडं.

“गाडी बंद पडली काय?”

“न्हाई. बसले.”

“बसा,” ती म्हणाली आणि चार पावलांत दिसेनाशी झाली.

अडीचशे किलोमीटरमध्ये भेटलेलं हे पहिलं माणूस, ज्यानं ‘संगं कोण’ विचारलं नाही. बाई बसल्या. त्या दिवशी दुपारी त्यांना जंगलात एक तलावही सापडला. साधा पाझर तलावच असावा, पण साग थेट पाण्यापर्यंत उतरलेला आणि ढग पाण्यावर टेकलेले. त्याचं नाव कुणी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. भरपूर वेळ होता. एकदा तर कंटाळाही आला, आणि आलेला कंटाळा कुणाला सांगावा लागला नाही म्हणून तो आपोआप गेला. देवळात जाऊन त्यांनी जयाकाकूंच्या नावानं देवीची ओटीही भरली. त्यात जयाकाकूंचं काही चुकलेलं नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी नांदेडात, नीलाबाईंच्या ओट्यावर ईश्वरप्पा पिशवी घेऊन तयार बसले होते. दोन दिवसांत त्यांचं पोट जरा पुढं आलं होतं. नीलाबाईंना काय सांगितलं होतं कोण जाणे, त्या भावजयीकडं बघून नुसत्या हसल्या आणि डबा हातात दिला. जेवायला थांबा मात्र त्या तीनदा म्हणाल्या. बाई थांबल्या नाहीत.

लोह्याच्या पुढं ईश्वरप्पांनी विषय काढला.

“जरा सांग की. लोक विचारतील. धुकं कसं असतंय?”

“पांढरं.”

“ते माहीत हाय मला. अजून?”

“गार.”

“दरी किती खोल हाय?”

“दिसली न्हाई.”

“मग बघितलंस काय तू चार दिवस?”

बाईंनी समोरच्या ट्रकला ओव्हरटेक केलं. ईश्वरप्पांचा पाय दाबला गेला, आणि दाबला गेलाय हे त्यांनाच कळलं म्हणून त्यांनी तो उचलून जरा मागं घेतला.

“धुक्यात काही दिसत न्हाई,” बाई म्हणाल्या. “तेवढंच सांगा. कुणी चूक काढू शकत न्हाई.”

अहमदपूर ते लातूर ईश्वरप्पांनी हे मनात घोळवलं. घाटाची नावं, किनवटचा साग, लॉजच्या मॅनेजरचं नाव, सगळं दोनदोनदा विचारून घेतलं. कोऱ्या मालावर आपलं लेबल लावायचं तर लेबल सरळ लागलं पाहिजे, अशा काळजीनं.

दिवेलागणीला गाडी गल्लीत शिरली. जयाकाकू दारातच होत्या. बाजूच्या ओट्यावर वीरण्णा दुकान बंद करून येऊन बसला होता. ईश्वरप्पा पहिल्यांदा उतरले, कमरेवर हात ठेवून वाकले, लांबचा प्रवास करून आलेला माणूस वाकतो तसे.

“मग, झालं का काका माहूर?” वीरण्णानं विचारलं.

“झालं की.”

“म्हणजे काकू एकट्या न्हाई गेल्या तर.”

“एकटी कशी जाईल? मी गेलतोच की मागनं.”

“आणि ते धुकं?” जयाकाकू म्हणाल्या. “होतं काय खरंच?”

ईश्वरप्पांनी सगळ्यांकडं एकदा बघून घेतलं. “काय सांगू काकू तुम्हाला. इतकं धुकं, इतकं धुकं, की गाडीत बाजूच्या सीटवर बसलेलं माणूस दिसत नव्हतं.”

जयाकाकू बाईंकडं वळल्या. “हाव का गं?”

बाई डिकीतून पिशव्या काढत होत्या. त्यातली ओटीच्या प्रसादाची पिशवी त्यांनी जयाकाकूंच्या हातात दिली.

“हाव,” त्या म्हणाल्या. “अजिबात दिसत नव्हतं.”